जुन्या धन्याकडे परत जाताना



पाडवा जवळ आला, की गावोगाव साल ठरवण्याची बोलणी सुरू होतात. मराठवाड्यात आणि विदर्भात सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला संपते. खानदेशात बरेच लोक ते आखाजीपासून धरतात. कुणी गडी नवा धनी पाहतो. कुणी आहे तिथेच राहतो. आणि कुणी एकदा सोडलेल्या धन्याच्या दारी पुन्हा जातो. आज आम्ही या तिसऱ्या गड्याविषयी बोलणार आहोत.

परत जाण्यात कमीपणा काही नाही. धन्याला गडी माहीत असतो, गड्याला रान माहीत असते. विहिरीचे पाणी कधी आटते, कोणता बैल मारका आहे, पाणी कोणत्या बांधावरून फुटते, हे नव्या गड्याला शिकावे लागते. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ही तुमची किंमत आहे.

पण पुष्कळदा उलटेच होते. गडी मान खाली घालून जातो. धनी म्हणतो, "आलास ना परत? मग मागल्याच सालावर राहा. आणि मागली बाकी हाये, ती यंदा फेडून टाक." गडी हो म्हणतो. त्या एका 'हो'त त्याची वर्षभराची कमाई कमी होते.

म्हणून हो म्हणण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, जुना हिशेब. आधी जुने मिटवा, मग नवे ठरवा. दोन्ही एकात मिसळू नका. समजा, एका गड्याचे साल १,२०,००० रुपये ठरले होते. म्हणजे महिन्याला १०,०००. पाडव्याला त्याने काम धरले आणि दिवाळीत सोडले. चैत्र ते आश्विन, सात महिने झाले. सात महिन्यांचे ७०,००० झाले. त्याने उचल धरून एकंदर ८५,००० घेतले होते. मग बाकी किती? १५,०००. धनी २५,००० म्हणाला, तर वरचे १०,००० कशाचे, हे विचारा. भांडू नका, पण विचारा. वही मागा आणि स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. पूर्वी वही धन्याची आणि अंगठा आपला, असे होते. आता वही दोघांची हवी.

बाकी खरी असेल, तर ती नाकारू नका. ऐन हंगामात गडी गेला, तर धन्याचेही नुकसान होते, हे आपण मानले पाहिजे. पण बाकी आहे म्हणून साल कमी घ्यायचे, हे बरोबर नाही. बाकी ही बाकी आणि मजुरी ही मजुरी.

दुसरी गोष्ट, नवे साल. तीन वर्षांपूर्वीचा तेलाचा भाव आज आहे काय? डाळीचा आहे काय? मग तेव्हाचे साल आज कसे पुरेल? आज गावात रोजाने जाणाऱ्याला काय मिळते, ते आधी विचारून घ्या. मधल्या काळात तुम्ही ट्रॅक्टर चालवायला शिकलात, फवारणीचे काम शिकलात, तर तेही सांगा. शिकलेल्या हाताला जास्त मोल मिळाले पाहिजे. घरधनीण शेण काढणार असेल, झाडलोट करणार असेल, तर तिची मजुरी वेगळी धरा. नवऱ्याच्या सालात बायकोचे काम फुकट, ही रीत चांगली नव्हे.

तिसरी गोष्ट, महिने मोजा. पाडवा ते पाडवा दर वेळी बारा महिने भरत नाहीत. अधिक महिना आला, की तेरा होतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. २२ मार्च २०२३ च्या पाडव्यापासून ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्यापर्यंत ३८४ दिवस झाले. वरच्या हिशेबाने तेराव्या महिन्याचे १०,००० रुपये होतात. ते धरले की नाही, हे आधीच बोलून घ्या. घरात पंचांग असेल तर उघडून पाहा.

चौथी गोष्ट, खाडे. लेकरू आजारी पडते, सोयरसुतक येते. खाडा होतोच. महिना १०,००० तर दिवस ३३३ रुपयांचा. बदली मजुराला ५०० दिले म्हणून गड्याचे ५०० कापले, तर १० खाड्यांत १,६७० रुपये जादा गेले. महिन्याला सुट्ट्या किती आणि खाड्याला काय कापायचे, ते ठरवा. रात्री वीज आली तर पाणी द्यायला कोण जाणार, तेही ठरवा.

आता कायद्याचे दोन शब्द. शेतीच्या कामालाही सरकार किमान वेतन ठरवते. त्याहून कमी देता येत नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणे ही सुद्धा वेठच आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. उचल दिली म्हणून गड्याला दुसरीकडे कामाला जाऊ द्यायचे नाही, बापाच्या उचलीपायी पोराला राबवायचे, हे त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेठीचे कर्जही कायद्याने रद्द होते. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते.

दर वेळी कचेरीची पायरी चढावी, असे आमचे म्हणणे नाही. बरेचसे धनी समोर कागद आला, की नीट बोलतात. पाडव्याआधी दोन कागद लिहा. त्यावर साल, उचल, बाकी, महिने, धान्य, कपडे आणि सुट्ट्या लिहा. दोघांनी सह्या करा. गावातल्या दोन जाणत्या माणसांची साक्ष घ्या. एक कागद धन्याकडे, एक तुमच्याकडे ठेवा. मग दर वेळी पैसे घेतले, की तारीख आणि रक्कम त्यावर मांडा.

जुन्या धन्याकडे खुशाल जा. रामराम घाला, बसा, चहा घ्या. पण सही करण्याआधी कागद एकदा मोठ्याने वाचा.