समुद्राचा कायदा आणि आपली मुले

(वांद्रे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पर्यावरणावर चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. हा विषय निघाला की झाडे लावा, कचरा करू नका, पाणी वाचवा एवढे सांगून वक्ता खाली बसतो. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या आपण पहिलीच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. आज मी निराळा प्रश्न आपणापुढे ठेवणार आहे. कायदा आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहावयाचे कोणी? आणि गुन्हा करणारा एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा व नुकसान तिसऱ्याच देशाचे असेल, तर जाब विचारावयाचा कोणी?

वांद्र्याच्या माणसास हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस माहीमची खाडी. चिंबईच्या कोळ्यांची चूल याच पाण्यावर पेटते. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर डांबरासारखे काळे गोळे येऊन पडतात, ते आपण पाहिले असतील. ते तेलाचे गोळे असतात आणि भर समुद्रातून येतात. दुसरे कारण याहूनही जवळचे आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मूळची रत्नागिरी-रायगडकडची. त्या घरांतून कोणी मामा, कोणी चाचा ‘बोटीवर’ असतोच. आज समोर बसलेल्या मुलांपैकीही काही जण उद्या बोटीवर जातील. म्हणून हा कायदा त्यांनी आजच समजून घेतला पाहिजे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. जहाजाच्या इंजिनखोलीच्या तळाशी तेलकट पाणी सतत साचत असते. पूर्वी ते सर्रास समुद्रात सोडून देत. १९७३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, १९७८ मध्ये त्यास जोड देण्यात आली आणि १९८३ पासून तो अमलात आला. त्याला ‘मार्पोल’ म्हणतात. भारतही १९८६ मध्ये त्यात सामील झाला. या करारानुसार असे पाणी यंत्रातून गाळून तेल वेगळे करावे लागते. पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे १५ भागांहून अधिक प्रमाण असेल तर ते समुद्रात सोडता येत नाही. वेगळे काढलेले तेल जाळावयाचे किंवा बंदरात उतरवावयाचे, आणि प्रत्येक वेळी तेलाच्या नोंदवहीत लिहून खाली सही करावयाची.

कायदा चांगला आहे. पण भर समुद्रात, मध्यरात्री, पाहावयास कोण आहे? आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे जहाजावर मुख्य अधिकार ज्या देशाचा झेंडा त्याचा. आणि मालक एका देशात राहून पनामा किंवा लायबेरिया अशा दुसऱ्याच देशाचा झेंडा लावू शकतो. मार्च १९७८ मध्ये ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटले व दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रात गेले. मालक अमेरिकन, झेंडा लायबेरियाचा आणि काळा झाला तो फ्रान्सचा किनारा!

या धक्क्यानंतर युरोपातील १४ देशांनी १९८२ साली पॅरिस येथे समझोता केला. झेंडा कोणाचाही असो, जहाज आमच्या बंदरात आले की आमचे तपासनीस त्यावर चढतील. कागद पाहतील, यंत्रे पाहतील. दोष गंभीर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत जहाज अडकवून ठेवतील. आणि तपासणीचा निकाल सर्व देशांना कळवतील, असे त्यात ठरले. म्हणजे एका बंदरात पकडलेला लबाड दुसऱ्या बंदरात साळसूदपणे शिरू शकणार नाही. पुढे हिंदी महासागराभोवतालच्या देशांनीही असाच समझोता केला. तो १ एप्रिल १९९९ पासून लागू झाला, आणि त्याचे सचिवालय कोठे आहे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या गोव्यात!

मात्र तपासनिसाने केवळ कागद पाहून भागत नाही. आपल्या समोरच्या न्हावा-शेवा बंदराचेच उदाहरण घ्या. तेथे ‘वंगण तेल’ म्हणून आयात केलेले १३३ कंटेनर तपासणीअंती घातक टाकाऊ तेलाचे निघाले. वस्तुतः एका देशाचा घातक कचरा दुसऱ्या देशात त्याच्या पूर्वसंमतीवाचून पाठवू नये, असा बाझेल करार १९८९ सालीच झाला होता व १९९२ मध्ये भारतानेही तो मान्य केला होता. तरीही कागदावर एक व पिंपात दुसरेच! अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तेल देखरेखीखाली जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला.

उशिरा मिळालेल्या न्यायाचे आणखी एक उदाहरण सांगतो. ४ ऑगस्ट २०११ रोजी पनामाचा झेंडा असलेले ‘राक’ हे मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात सुमारे ६० हजार टन कोळसा आणि शेकडो टन इंधन तेल होते. ते जहाज समुद्रात नेण्याच्या योग्यतेचेच नव्हते, असा निष्कर्ष राष्ट्रीय हरित लवादाने काढला आणि जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. पण केव्हा? ऑगस्ट २०१६ मध्ये, पाच वर्षांनी! तेवढ्या काळात पाच पावसाळे येऊन गेले. जहाज निघण्यापूर्वी वा वाटेतील एखाद्या बंदरात ते कसून तपासले गेले असते आणि रोखले गेले असते, तर ही वेळ आली नसती.

आता या सर्वांचे सार ज्यात आहे ती घटना सांगतो. २०१३ साली ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या मोठ्या प्रवासी जहाजावर एक कनिष्ठ इंजिनिअर नव्यानेच नोकरीस लागला होता. गाळणयंत्र चुकवून तेलकट पाणी थेट समुद्रात सोडणारी एक चोरटी नळी त्याच्या नजरेस आली. खलाशी अशा नळीला ‘जादूची नळी’ म्हणतात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात जहाज लागताच त्याने नोकरी सोडली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना सारे सांगितले. मागे राहिलेल्या वरिष्ठांनी नळी काढून टाकली व हाताखालच्या माणसांना खोटे बोलण्यास बजावले. परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपला पुरावा अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे पाठविला आणि जहाज न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा तेथे पुन्हा तपासणी झाली. कंपनीने गुन्हा कबूल केला व तिला ४ कोटी डॉलरचा दंड झाला. दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी हात मिळविले म्हणून हे घडले, हे खरे. परंतु त्या एका कनिष्ठ माणसाने तोंड उघडले नसते, तर दोन्ही देश काय करणार होते?

विद्यार्थी मित्रहो, माझे सांगणे येथेच येऊन थांबते. उद्या तुमच्यापैकी कोणी बोटीवर असेल. घरी बहिणीचे लग्न असेल, डोक्यावर कोर्सच्या फीचे कर्ज असेल. आणि वरिष्ठ म्हणेल, ‘कर इथे सही, कोण बघतंय?’ त्या वेळी काय कराल? ‘इमानदार राहा’ एवढेच सांगून मी मोकळा होणार नाही, कारण त्या सहीची किंमत मला ठाऊक आहे. तेव्हा काही उपयोगाच्या गोष्टी सांगतो. जे काम आपण पाहिले नाही, त्याच्या नोंदीखाली सही करू नका. नियमांची पुस्तके इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजीचा कंटाळा करू नका. ज्याला नियम वाचता येतो त्याला फसविणे कठीण. जहाज चालविणाऱ्या कंपनीला सुरक्षा व प्रदूषण यांकरिता किनाऱ्यावर एक अधिकारी नेमावाच लागतो. त्याचे नाव व फोन पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि बंदरातील तपासनिसाकडे कोणी तक्रार केली, तर तक्रार करणाराचे नाव उघड करावयाचे नाही, असा दंडक आहे, हेही ध्यानात असू द्या.

पालकांनाही एक विनंती. मुलगा सुट्टीवर येतो तेव्हा पगार किती, प्रमोशन केव्हा, एवढेच आपण विचारतो. बोटीवर काम कसे चालते, कोणी गैर काही करावयास लावते काय, हेही विचारीत जा. ‘आपल्याला काय करायचंय, गप्प राहा,’ हा सल्ला आपण मायेपोटी देतो. पण खोट्या नोंदीखाली सही मुलाची असते, आणि चौकशी झाली की तोच पुढे उभा केला जातो.

करार मोठमोठ्या राजधान्यांतून होतात. ते पाळले जातात की नाही, हे मात्र इंजिनखोलीत, गोदीवर आणि नोंदवहीच्या पानावर ठरते. त्या पानावर आपल्या मुलांची खरी सही असावी, आणि ती करण्याइतके ज्ञान व धीर त्यांना आपल्या शाळांतून आणि घरांतून मिळावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.