मतं न मागता झालेला नगराध्यक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्याहून मिरजेकडे येताना वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लहानपणी गाडीत मी विचारलं होतं, "अब्बा, ही वाडी कुणाची?" अब्बा म्हणाले, "आपल्या नांगरावर ज्याचं नाव आहे, त्याची." गावाला एका कारखानदाराचं नाव, याचं मला फार नवल वाटलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत, असं निघालं. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. मुंबईत तेच शिकवू लागले. बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. हळूहळू नांगर खपू लागले, आणि नेमकी तेव्हाच बेळगावच्या नगरपालिकेला उपनगरासाठी कारखान्याची जागा हवी झाली.

नगरपालिकेनं उठवलेल्या या माणसाला औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला. दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप. तिथं कारखान्याबरोबर गाव उभं राहिलं. घरं, पाणी, रस्ते, शाळा. शिवाशिव पाळायची नाही, हा वाडीचा शिरस्ता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणीचं काम सोपवलं गेलं. १९२० साली इथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० साली 'स्त्री' मासिक.

नगराध्यक्षाचं काम याहून वेगळं काय असतं? फरक एकच. लक्ष्मणरावांना कुणी निवडून दिलं नव्हतं, म्हणून पाडताही आलं नसतं. राहतं घर आणि महिन्याचा पगार एकाच हातात. तो हात भला होता, हे वाडीचं नशीब. पण नशिबावर गाव सोडता येत नाही, मतपेटी हवीच. फक्त मतपेटीतून आलेल्यांनी एकदा या माळावर उतरून बघावं. कामावर येणाऱ्याला घर लागतं, पाणी लागतं, त्याच्या पोराला शाळा लागते, हे लक्ष्मणरावांनी नांगराच्या हिशेबातच धरलं होतं.

१९५६ साली ते गेले. स्टेशनावर आता कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे. अब्बांचा नांगर गोठ्यात पडून आहे. फाळ गंजलाय, नाव मात्र अजून वाचता येतं. मत देऊन घरी आलो की मी त्याच्याकडे बघतो आणि मनात येतं, आज ज्याला निवडलं, त्याचं नाव गाव कधी आपणहून लावील का?