बाहेर यायचे राहिलेले सूर

(संगीतप्रेमींच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



येत्या काळात अभिजात संगीताच्या कोणत्या ध्वनिमुद्रणांची वाट पाहावी, असा प्रश्न केला तर बहुतेकांच्या मनात आजच्या कलावंतांची नावे येतील. ते स्वाभाविकच आहे. परंतु आजच्या कलावंताचे गाणे पूर्वीसारखे दुर्मीळ राहिलेले नाही. संध्याकाळी झालेली मैफल रात्री भ्रमणध्वनीवर ऐकता येते. वाट पाहावी लागते ती वेगळ्याच गाण्यांची. ती गाऊन झालेली आहेत आणि त्यांचे मुद्रणही झालेले आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ध्वनिफितींत, आकाशवाणीच्या कपाटांत आणि घरोघरच्या माळ्यांवर ती पडून आहेत. ती आपल्या कानांपर्यंत येणार की नाहीत, हे आता आपल्यावरच अवलंबून आहे.

साधन होते, सूर राहिला नाही

फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्यात आला आणि हिंदुस्थानी गाण्याचे तबकडीवरचे मुद्रण सुरू झाले. गौहरजान यांचा आवाज तेव्हापासून जपला गेला. भास्करबुवा बखले त्यानंतर वीस वर्षे हयात होते. १९२२ साली ते गेले. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या आपल्यापाशी आहेत, पण ज्यांच्यापासून त्यांनी विद्या घेतली त्या बुवांचा आवाज नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत, म्हणजे मुद्रणाची सोय झाल्यावर चव्वेचाळीस वर्षे होते. त्यांच्याही गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि घराण्यातील इतर शिष्यांच्या गळ्यातून ओळखावी लागते.

यंत्र आले म्हणजे वारसा आपोआप सुरक्षित होतो, हा समज इथेच खोटा ठरतो. मुद्रण करावे लागते, जपावे लागते आणि वेळेवर बाहेर काढावे लागते. तिन्हींपैकी एक राहिले तरी उरलेली दोन व्यर्थ जातात.

जे मुद्रित झाले तेही किती तुटपुंजे होते! अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर उमलत जाणारा राग तेवढ्यात बसवायचा. केसरबाईंनी भैरवीत गायलेली अशीच एक साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात गेली. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा सूर आंतरतारकीय अवकाशात पोहोचला, याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? परंतु बाईंची थोरवी रागाच्या संथ, अखंड विस्तारात होती. तिची साक्ष साडेतीन मिनिटांची तबकडी देऊ शकत नाही. ती मैफलींच्या ध्वनिफितीच देऊ शकतात. म्हणून अशा फितींची वाट पाहायची.

तीन कोठारे

हा ठेवा मुख्यतः तीन ठिकाणी आहे. पहिले कोठार ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या प्रारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ साली प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२६ रोजी मुक्त झाली. अमीरखाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका १९६० सालची. तिच्यावरील हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पंडित शिवकुमार शर्मा, पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिचीही पाळी २०३० पूर्वी येईल. दर नववर्षाच्या पहिल्या दिवशी एका संपूर्ण वर्षाचे संगीत समाजाच्या मालकीचे होते, ही गोष्ट किती रसिकांच्या ध्यानात असते? मात्र हक्क संपला म्हणून मूळ फीत हाती येत नाही. ती कंपनीपाशीच राहते. चांगल्या आवाजातली नवी आवृत्ती हवी असेल, तर ती मागणारा श्रोता असावा लागतो.

दुसरे कोठार आकाशवाणीचे. मुंबईचे केंद्र १९२७ सालचे, नागपूरचे १९४८ चे, पुण्याचे १९५३ चे. डॉ. बाळकृष्ण केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ साली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. साडेतीन मिनिटांच्या तबकडीतून सुटून राग प्रथमच देशभरातल्या श्रोत्यांसमोर सविस्तर मांडला गेला. त्या काळी फीत महाग असे, त्यामुळे जुन्या मुद्रणावर नवे मुद्रण चढवण्याची रीतही होती. त्यातून जे वाचले ते अनमोल आहे. प्रसार भारतीने त्यातील काही भाग ध्वनिचकत्यांच्या रूपाने प्रकाशित केला आणि २०१६ पासून ‘रागम्’ ही अभिजात संगीताची स्वतंत्र वाहिनीही चालवली. हे स्तुत्यच आहे. तरीही केंद्राकेंद्रांवर काय उरले आहे, याची संपूर्ण सूची प्रसिद्ध झाली, तर तीच एक मोठी भेट ठरेल. दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. अशा कलावंताच्या बाबतीत सापडलेला प्रत्येक अर्धा तास त्याच्या आयुष्यात भर घालणारा असतो.

तिसरे कोठार सर्वांत मोठे आणि सर्वांत असुरक्षित. ते आपल्या घरात आहे. पन्नास-साठच्या दशकांत स्पूलचे टेपरेकॉर्डर आले, पुढे कॅसेट आली. संगीत मंडळांच्या बैठका, गणेशोत्सवातील गाणी, एखाद्या वकिलाच्या वा डॉक्टरच्या दिवाणखान्यातील मैफली कुणीतरी भक्तिभावाने टिपून ठेवल्या. पंडित भीमसेन जोशी, पंडित कुमार गंधर्व, पंडित मल्लिकार्जुन मन्सूर, गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांचे मोकळे, वेळेचे बंधन नसलेले गाणे अशा बैठकींत होत असे. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत जो राग शिस्तीत मांडला जातो, तोच समोर जाणते श्रोते बसले की वेगळ्या वाटा शोधतो.

शत्रू काळ आहे

या फिती चिरंजीव नाहीत. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर ज्या द्रव्याने चिकटवलेला असतो, ते द्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत बुरशीही धरते. उत्साहाच्या भरात अशी फीत जुन्या यंत्रावर लावली, तर थर सोलून निघतो आणि गाणे कायमचे जाते. ती आधी जाणकाराला दाखवली पाहिजे. फीत वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही आता दुर्मीळ होत आहेत.

हे काम नुसत्या यंत्रज्ञाचेही नव्हे. जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या असतातच असे नाही. वेग सुमारे सहा टक्क्यांनी चुकला तर सूर अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जातो, काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते आणि गायकाचा आवाज विनाकारण पातळ वाटतो. खरखर घालवण्याच्या हौसेत तंबोऱ्याची आसही पुसली जाते. म्हणून यंत्र हाताळणाऱ्याच्या शेजारी स्वर ओळखणारा कान बसला पाहिजे. मूळ मुद्रणाची काहीही न पुसलेली प्रत वेगळी जपावी आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करावी, हा या कामाचा पहिला नियम आहे.

गुरुमुख आणि यंत्र

यावर एक आक्षेप घेतला जातो. आपली विद्या गुरुमुखातून येते, यंत्रातून नव्हे, मग जुन्या फितींचे एवढे स्तोम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. फीत ऐकून कुणी गवई होत नाही. परंतु ज्या परंपरेचा दाखला देऊन हे म्हटले जाते, तिने जतनाबाबत किती काटेकोरपणा दाखवला तेही पाहावे. वेदमंत्रांचे उच्चार बिघडू नयेत म्हणून आपल्या पूर्वजांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा योजना केल्या. एका पाठातील चूक दुसऱ्या पाठात उघडी पडते. लेखनावर न विसंबता हजारो वर्षे शब्द आणि स्वर सांभाळणारी ती व्यवस्था होती. ख्यालगायनाला अशी तटबंदी नव्हती. बंदिशीचे शब्द बदलले, अप्रसिद्ध रागांची चलने विसरली गेली. जुने मुद्रण हा गुरूला पर्याय नाही, पण गुरूला आणि शिष्याला ताडून पाहण्याचा आधार नक्कीच आहे.

स्वदेशीच्या चळवळीत हे भान होते. कलकत्त्याचे उद्योजक हेमेंद्रमोहन बसू यांनी विदेशी कंपन्यांच्या बरोबरीने स्वतःचा मुद्रणव्यवसाय उभारला आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या आवाजात ‘वंदे मातरम्’ मुद्रित केले. त्या गीताची दीडशे वर्षे २०२५ साली पूर्ण झाली. आपला आवाज आपणच जपायचा, हा त्या उद्योगाचा धडा आजही तितकाच लागू आहे.

करायचे काय?

संस्था आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या वतीने राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराचा प्रकल्प उभा राहिला. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे. १९९० साली मुंबईतच जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. सावरकरांचे चरित्रकार म्हणून परिचित असलेले डॉ. विक्रम संपत यांनी ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ उभारून जुन्या तबकड्यांचे संगणकीकरण केले आणि त्या लोकांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या. प्राचीन हस्तलिखितांसाठी शासनाने २०२५ साली ‘ज्ञान भारतम्’ ही मोहीम हाती घेतली. हस्तलिखिताच्या बरोबरीने ध्वनिलिखिताचाही असाच विचार झाला पाहिजे, ही मागणी रसिकांनी संघटितपणे करावी.

शासनाची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. गावोगावच्या संगीत मंडळांनी आपल्या परिसरातील खाजगी संग्रहांची नोंदवही करावी. फीत न मागता आधी फक्त नोंद मागावी, म्हणजे संग्राहकाच्या मनातील भीती जाईल. संगणकीय प्रत संकुचित न करता पूर्ण दर्जाची घ्यावी आणि निदान तीन ठिकाणी ठेवावी. खाजगी मैफल प्रकाशित करायची तर कलावंताची, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची संमती घ्यावी. कायद्याने कलावंताचा हक्क गायनानंतर पन्नास वर्षे मानला आहे. शिवाय प्रश्न केवळ कायद्याचा नाही. ज्या दिवशी गळा साथ देत नव्हता, त्या दिवसाचे गाणे अभ्यासकासाठी जपावे, बाजारात आणू नये. ऋणानुबंधाची ही मर्यादा पाळली तर कलावंतांची घरेही आपणहून पुढे येतील.

सर्वांत निकडीचे काम तर पैशाचेही नाही. पुष्कळ फितींच्या खोक्यांवर काहीच लिहिलेले नसते. गाणारे कोण, राग कोणता, साल कोणते, तबल्यावर कोण होते, हे सांगू शकणारे श्रोते आज ऐंशीच्या पुढे आहेत. फीत कदाचित आणखी दहा वर्षे तग धरेल. त्यांची आठवण तोवर थांबेलच असे नाही. घरात अशी पेटी असेल तर येत्या रविवारी ती माळ्यावरून खाली काढावी, घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवावे आणि त्यांना जे जे आठवते ते एका वहीत लिहून घ्यावे. ज्या ध्वनिमुद्रणांची आपण वाट पाहत आहोत, त्यांतील काहींचे प्रकाशन त्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होणार आहे.