सावध करणारा आणि घाबरवणारा

मोबाइलवर बातमी वाचता वाचता एकदम पडदा लाल होतो. 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस! दोन मिनिटांत उपाय करा!' फोन थरथरतो, सेकंद उलटे पळू लागतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी असाच फोन माझ्यापुढे धरला. पेन्शनचं खातं त्याच फोनवर; हात कापत होते. मी म्हटलं, "खाला, काही दाबू नका. हे नुसतं वेबपान आहे. त्याला तुमच्या फोनमधले व्हायरस मोजता येत नाहीत." पान बंद केलं, इशाराही गेला.

मी शब्दांत वावरणारा माणूस. मला एवढं कळतं, की सावध करणारा विचाराला वेळ देतो. घाबरवणारा तोच वेळ हिरावून घेतो.

खरी सूचनाही येते. पण तिची खातरजमा आपल्या वाटेनं जाऊन करता येते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडावं, कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावं, 'प्ले प्रोटेक्ट'मध्ये तपासणी करावी. अपडेट आलं असेल, तर ते सेटिंग्जमध्ये दिसतंच. व्हायरसचा इशारा देऊन 'या नंबरवर बोला' म्हणणारा, ओटीपी मागणारा मात्र ठगच समजावा.

पान बंद केल्यावरही असे इशारे येतच राहिले, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये त्या साइटच्या सूचना बंद कराव्यात.

आणि पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.