गुपित कोणाचे?

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सरकार नागरिकांवर पाळत ठेवते आणि ती पाळतही गुप्त ठेवते. हे गुपित फोडणारा देशद्रोही की लोकशाहीचा रखवालदार, असा आजचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: फुटलेले गुपित कोणाचे आहे, सरकारचे की नागरिकाचे?

१९९१ साली ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकाने राजकीय पुढाऱ्यांच्या टेलिफोन टॅपिंगविषयीचा सी.बी.आय.चा अहवाल छापला. काही क्रमांकांवर पाळत होती. पण तिच्या परवानगीचा कागद सापडत नव्हता, नोंदीही नीट नव्हत्या. जयप्रकाशांनी १९७६ साली उभी केलेली पी.यू.सी.एल. ही संघटना त्या अहवालाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने टेलिफोनवरील संभाषण हा खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग मानला आणि टॅपिंगला गृहसचिवाचा आदेश व कालमर्यादा यांचे बंधन घातले. येथे कामी आले ते कोण काय बोलले हे नव्हे, तर सरकार कसे वागले हे. २०१३ साली अमेरिकेत स्नोडेनने सामान्यांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याची योजना उघड केली. २०२० साली तेथील संघीय अपील न्यायालयाने ती योजना बेकायदेशीर ठरविली.

आता आपल्या राज्याकडे पाहू. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिसांच्या बदल्यांविषयीचा एक गोपनीय अहवाल उघड केला. तो राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांचा होता व फोन टॅपिंगवर आधारलेला होता. महाविकास आघाडीच्या राजवटीत शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला. २०२२ मध्ये नाना पटोले, संजय राऊत, एकनाथ खडसे यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून शुक्ला यांच्यावर आणखी गुन्हे दाखल झाले. सत्तांतरानंतर, २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

कोणाच्या दोषादोषाचा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही. मात्र टॅपिंग योग्य की अयोग्य, हे प्रत्येक पक्षाने आपण सत्तेत आहोत की विरोधात, यावरून ठरविले. वस्तुतः त्या प्रकरणात दोन गुपिते एकत्र गुंतली होती. बदल्यांमध्ये पैशाचा व्यवहार चालत असेल, तर ते जाणण्याचा जनतेला अधिकार आहे. परंतु ज्यांचे बोलणे चोरून ऐकले गेले, त्यांचे शब्द ना सरकारच्या मालकीचे, ना विरोधी पक्षाच्या.

सरकारी गुपित फोडण्याची पाळी येतेच का? टॅपिंगचे आदेश तपासणाऱ्या राज्याच्या समितीत मुख्य सचिव आणि त्यांचे सहकारी सचिवच बसतात. न्यायाधीश नाही, आमदार नाही. ज्याचा फोन ऐकला गेला, त्याला नंतरही कळविले जात नाही. नवी मुंबईतला माथाडी कामगार किंवा प्रकल्पग्रस्त आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याशी बोलला आणि ते कोणी ऐकले, तर दाद मागण्यासाठी त्याच्या हाती काहीच नसते. जेथे सरळ दरवाजा नाही, तेथे गुपित फोडणारा हीच एकमेव खिडकी उरते.

त्या माणसाची बाजू अर्थशास्त्राच्या भाषेत मांडायची तर लाभ साऱ्या समाजाचा आणि किंमत त्याच्या एकट्याची. नोकरी जाते, तुरुंग समोर दिसतो. अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे रखडली. म्हणून अशा माणसाकडून आपण काही नीती अपेक्षितो, तशी आपलीही काही जबाबदारी आहे. त्याने सरकारचा गैरव्यवहार सिद्ध करण्यापुरतेच उघड करावे, कोणाचे खाजगी बोलणे बाजारात मांडू नये, आणि स्वतःसाठी मोबदला घेऊ नये. त्याने हे पाळले, तर त्याच्या बचावाचा खर्च आणि त्याच्या घरच्यांचा भार उचलणे हे चळवळीचे कर्तव्य ठरते.

शेवटी एक अप्रिय प्रश्न. उद्या आपल्याच कार्यालयात विरोधकांच्या संभाषणांचा पेन ड्राइव्ह आला, तर आपण काय करणार? माझे मत स्पष्ट आहे. ती संभाषणे आपण कोणाला ऐकवू नयेत. हे टॅपिंग कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कायद्याखाली झाले, एवढाच प्रश्न घेऊन न्यायालयात आणि रस्त्यावर जावे. विरोधकाच्या खाजगीपणासाठी जो पक्ष लढत नाही, त्याला स्वतःच्या कार्यकर्त्याच्या खाजगीपणासाठी लढण्याचा नैतिक अधिकार राहत नाही.