कांचेवर उतरलेली दरी

छायाचित्र घेणें म्हणजे कळ दाबणें, अशी सर्वसामान्य समजूत आहे. दाबावयास कळच नव्हती अशा काळांतील एका माणसाची हकीकत ऐकली म्हणजे ती समजूत पुष्कळशी ढिली होते.

कार्लटन वॉटकिन्स हा १८२९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मला. सोन्याच्या ओढीनें कॅलिफोर्नियाकडे लोटलेल्या गर्दीबरोबर तोहि बाविशीच्या सुमारास तिकडे गेला, आणि त्याच्या हातीं आली ती छायाचित्रणाची विद्या. १८६१ सालीं त्यानें योसेमिटी दरीची वाट धरली. सिएरा नेवाडा पर्वतांतील ही दरी म्हणजे दोहों बाजूंस दगडाचे सरळ उभे कडे. त्यांपैकीं एल कॅपिटन हा एकटाच तळापासून सुमारें ३,००० फूट वर गेलेला. गाडीरस्ता नव्हता. सारें बिऱ्हाड खेचरांच्या पाठीवर न्यावें लागे.

आणि बिऱ्हाड तरी केवढें! लहान चित्र मोठें करून छापण्याची सोय तेव्हां व्यवहारांत नव्हती. जेवढी कांच तेवढेंच चित्र. कड्याची उंची पाहणाऱ्याच्या अंगावर यावी अशी वॉटकिन्सची इच्छा. म्हणून १८ इंच रुंद व २२ इंच लांब कांच मावेल असा कॅमेरा त्यानें बनवून घेतला. तावदानाएवढ्या त्या कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून भिंगावरचें झांकण काढावयाचें, आणि लागलीच अंधाऱ्या तंबूंत आणून चित्र उठवावयाचें. कांच वाळली कीं श्रम फुकट. धुळीचा कण बसला कीं आकाशाला डाग.

एवढ्या खटाटोपांतून त्या वर्षीं सुमारें ३० मोठ्या कांचा त्यानें सुखरूप परत आणल्या. आज एखादा हौशी प्रवासी न्याहारीपूर्वींच तेवढीं चित्रें घेतो! परंतु ज्याला एक कांचहि वायां घालविणें परवडत नाहीं, तो तिवई रोवण्याआधीं जागा पारखतो, ऊन कोठें पडेल हें पाहतो, सरोवराचें पाणी निश्चल होईपर्यंत थांबतो. वॉटकिन्सच्या चित्रांतील शांतता केवळ दरीची नव्हे. ती ह्या थांबण्याची आहे.

हीं चित्रें १८६२ सालीं न्यूयॉर्कमध्यें मांडलीं गेलीं. अल्बर्ट बीरस्टॅट ह्या चित्रकारानें तीं पाहिलीं आणि पुढच्याच वर्षीं तो रंगपेटी घेऊन योसेमिटीस गेला. देशांत यादवी युद्ध पेटलेलें असतांना, ३० जून १८६४ रोजीं, अध्यक्ष लिंकन यांनीं ही दरी व मारिपोसा येथील प्रचंड वृक्षांची राई लोकांच्या उपयोगासाठीं कायमची राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. ज्यांनीं दरी कधींच पाहिली नव्हती अशा पूर्वेकडील लोकांच्या मनांत तिचें मोल ठसविण्याचें श्रेय इतिहासकार ह्या चित्रांना देतात. तें रास्त आहे.

मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. ह्या चित्रांत माणूस क्वचितच दिसतो. दरी जणूं कोणाचीच नव्हती! वास्तविक अवघ्या दहा वर्षांपूर्वीं, १८५१ सालीं, तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अहवानीची लोकांना एका पलटणीनें हुसकून लावलें होतें. कांचेवर तें उमटलेलें नाहीं.

वॉटकिन्सचें पुढील आयुष्य कष्टाचें झालें. १८७५–७६ च्या सुमारास कर्जापायीं त्याचें चित्रदालन आणि सर्व कांचा दुसऱ्याच्या ताब्यांत गेल्या. आयझाया टेबर ह्या व्यावसायिकानें त्याच कांचांवरून चित्रें छापून स्वतःच्या नांवानें विकलीं. दुसरा एखादा खचला असता. वॉटकिन्स पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच दरींत परत गेला, त्याच कड्यांसमोर तिवई रोवून त्यानें नव्यानें कांचा भरल्या, आणि त्या संचाला ‘नवी मालिका’ असें नांव दिलें.

पुढें दृष्टि अधू झाली. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रॅन्सिस्कोंत जी आग भडकली, तींत त्याची चित्रशाळा जळाली, टेबरचीहि जळाली. त्या दिवसांतील एका छायाचित्रांत, हाताला धरून रस्त्यानें नेला जाणारा वृद्ध वॉटकिन्स दिसतो. १९१६ च्या जूनमध्यें तो नापा येथील वेड्यांच्या इस्पितळांत वारला.

कांचा गेल्या, तरी कागदावर छापलेलीं चित्रें पूर्वींच घरोघर व ग्रंथालयांतून पोहोंचलीं होतीं. तींच आज संग्रहालयांत जपलेलीं आहेत. योसेमिटींतील एका शिखराला माउंट वॉटकिन्स असें नांव आहे. मिरर लेक ह्या सरोवरांत पडलेल्या प्रतिबिंबासह त्या शिखराचें चित्र त्यानेंच घेतलेलें आहे. त्यांत वरचें शिखर कोणतें आणि पाण्यांतलें कोणतें, हें ओळखावयास क्षणभर थबकावें लागतें.