उन्हाळ्याची तहान

१९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. कारखान्यामागून सेक्टर आले, क्वार्टर आले, क्वार्टरापुढे बागा आल्या आणि बागेच्या फाटकाशी राखणीला कुत्रेही आले. फाटकाशी बसणारी ती कुत्री असेल, तर उन्हाळ्यात एका गोष्टीकडे लक्ष हवे : ती पाणी किती पिते?

मे महिन्यात येथील पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो. अशा दिवसांत सात-आठ वर्षांची कुत्री भांडेच्या भांडे पाणी रिते करू लागली, अन्नाला तोंड लावीनाशी झाली, तर घरची मंडळी ‘ऊन लागले’ म्हणून मोकळी होतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु महिना-दीड महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेली असेल, तर गर्भाशयात पू साठला असण्याचा संभव आहे. पशुवैद्य या रोगास ‘पायोमेट्रा’ म्हणतात.

कुत्रीच्या देहाचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. माज ओसरल्यावर, गर्भ राहो वा न राहो, बीजांडकोश सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवत राहतात. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, स्नायूंचे आकुंचन मंदावते, प्रतिकारही क्षीण होतो. न येणाऱ्या पाहुण्यासाठी दर खेपेस घर सजवावे, तसा हा प्रकार. वर्षानुवर्षे असे घडून अस्तर बिघडते, आणि माजाच्या दिवसांत उघड्या असलेल्या वाटेने वर चढलेले ई. कोलाय जंतू तेथे वाढतात. त्यांच्या विषाने मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही; तहान लागते ती त्यामुळे.

गर्भाशयाचे मुख उघडे असले, तर पू बाहेर येतो आणि रोग निदान दिसतो तरी. ते मिटलेले असले म्हणजे पोट फुगते, ओकाऱ्या होतात, आणि गर्भाशय फुटले तर प्राणावर बेतते. खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकणे. गंमत अशी की, नसबंदीत करतात तीही हीच शस्त्रक्रिया! मात्र एकदा ती धडधाकट जनावरावर होते आणि एकदा विषाने खंगलेल्या जनावरावर. स्वीडनमध्ये विमा उतरविलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नसबंदी न झालेल्या सुमारे पाव कुत्र्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा रोग झाल्याचे आढळले.

एक वेत झाले की पुढे भीती नाही, ही समजूत भाबडी आहे. माज थांबविण्याची इंजेक्शने तर त्याच संप्रेरकाच्या जातीची. ती धोका वाढवितात. नसबंदीने वजन वाढते, क्वचित लघवी गळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्या जातींत शस्त्रक्रिया थोडी उशिरा करावी, असेही आज मानतात. तो निर्णय पशुवैद्याचा. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने भिलाईकरांना सल्ल्यासाठी फार लांब जावे लागत नाही. जाताना मागचा माज कोणत्या तारखेचा, एवढे सांगता आले तरी निदानास मोठी मदत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी तेवढी जागा सहज निघते.